सांगणारीचा फोन काढून घेऊ नका

(तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत पालक, शिक्षक आणि बचत गटातल्या बायांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, शिक्षकांनो आणि मागच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या बाबांनो,

मला विषय दिला आहे तो 'मुलं, मोबाईल आणि सुरक्षितता'. हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे लगेच एक चित्र उभं राहतं. कुठेतरी लांब बसलेला एक अनोळखी पुरुष, इकडे आपल्या घरातलं भोळं लेकरू आणि मधे फोन. मग उपायही लगेच सुचतो, फोन काढून घ्या. आज मला सांगायचं आहे ते हे, की हे चित्र अपुरं आहे. आणि हा उपाय तर बऱ्याचदा त्या माणसाच्याच पथ्यावर पडतो. कसा, ते आता सांगते.

आपल्या चळवळीतल्या जुन्या बायांना आठवत असेल. १९९२ साली राजस्थानात अजमेर इथलं प्रकरण उघडकीला आलं. शाळा-कॉलेजातल्या मुलींचे फोटो काढायचे, ते दाखवून धमकावायचं आणि अत्याचार करायचे. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, आपल्या जळगावात तशाच प्रकारचं प्रकरण बाहेर आलं आणि सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल होता? इंटरनेट कुणी पाहिलं होतं? होता तो साधा कॅमेरा आणि रोल धुऊन देणारा स्टुडिओ. तरी मुली महिनोन्‌महिने गप्प राहिल्या. अजमेरच्या त्या प्रकरणात सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी.

त्या मुली गप्प का राहिल्या? फोटो हे हत्यार खरंच, पण त्या हत्याराला धार कुठून आली? 'घरी कळलं तर' या तीन शब्दांतून. शाळा बंद होईल, लग्न लावून देतील, बाप मारेल, आई विष खाईल, घराण्याची अब्रू जाईल. धमकावणाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून त्याचं फावलं. आज कॅमेऱ्याच्या जागी फोन आला, स्टुडिओच्या जागी इन्स्टाग्राम आलं. पण ते तीन शब्द अजून तसेच आहेत.

आता हे कसं घडतं ते नीट पाहू, कारण ते एका रात्रीत घडत नाही. मुलीला कुणाची तरी विनंती येते. नाव मुलीचं, फोटो मुलीचा, शेजारच्या गावच्या शाळेचं नाव. दोन-तीन आठवडे नुसत्या गप्पा. अभ्यास, सिनेमा, घरातली भांडणं. आपलं ऐकणारं कुणीतरी भेटलं असं मुलीला वाटतं. मग कौतुक सुरू होतं. मग 'आपण दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू, इथे सगळे बघतात' असं येतं. मग एक साधा फोटो मागितला जातो, मग जरा वेगळा. आणि एक दिवस सूर बदलतो. 'आता मी सांगतो तसं कर, नाहीतर हे तुझ्या बाबांना पाठवतो.' बाबांचं नाव, मामाचं नाव, शाळेचा ग्रुप, हे सगळं त्यानं आधीच बघून ठेवलेलं असतं.

आणि दर वेळी तो माणूस लांबचा असतो असंही नाही. पोक्सोखाली नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत बहुतेक आरोपी मुलांच्या ओळखीचे असतात, हे सरकारी आकडे वर्षानुवर्षं सांगत आलेत. फोनवरही वेगळं काही नाही. वर्गातला मुलगा असतो, क्लासचे सर असतात, आतेभाऊ असतो, मोबाईल दुरुस्त करून देणारा असतो. तेव्हा 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' एवढं सांगून आपली जबाबदारी संपत नाही.

आमच्या केंद्रात आलेल्या दोन मुलांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक मुलगी, नववीतली. तिनं कुणाला काहीच पाठवलं नव्हतं. तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो कुणीतरी घेतला आणि तिचा चेहरा दुसऱ्याच उघड्या अंगावर बसवला. आता हे करणारी अ‍ॅप निघाली आहेत, त्याला कसब लागत नाही. धमक्या चार महिने चालू होत्या. मुलगी जेवेना, शाळेत जाताना पोटात दुखायचं. आई तिला डॉक्टरकडे नेत होती, देवऋषीकडे नेत होती. मी मुलीला विचारलं, 'तुझी तर काहीच चूक नव्हती, मग आईला का नाही सांगितलंस?' ती म्हणाली, 'ताईचं शिक्षण फोनमुळेच बंद झालं.' थोरल्या बहिणीच्या फोनमध्ये एका मुलाचा मेसेज सापडला होता. दोन महिन्यांत तिचं नाव शाळेतून काढलं आणि वर्षाच्या आत लग्न. धाकटी हे बघत होती. त्या घरानं धाकटीला एक धडा पक्का शिकवला होता, की सांगायचं नाही.

दुसरा एक मुलगा, अकरावीतला. हो, मुलगा. त्याला एका मुलीच्या नावानं व्हिडिओ कॉल आला, त्याचं चित्रण झालं आणि पैशांची मागणी सुरू झाली. आई बचत गटाची खजिनदार. कपाटातल्या डब्यात गटाचे पैसे. त्यानं तीन वेळा त्यातून पैसे उचलले, दुकानदाराला रोख देऊन त्याच्या फोनवरून ते पुढे पाठवले. दर वेळी मागणी वाढली. पैसे दिले की सुटका होत नाही, उलट हा पैसे देतो हे समोरच्याला कळतं. आईला कळलं ते गटाचा हिशेब जुळेना तेव्हा. मुलगा म्हणाला, 'पोरगा असून रडतोस का, असं म्हणाल असं वाटलं.' बायांनो, मुलग्यांनी रडायचं नाही हे आपणच शिकवतो ना? त्याची किंमत अशी मोजावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला तर फोनमधलं काही कळत नाही, आम्ही लक्ष तरी कसं ठेवायचं? तुमचं म्हणणं रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर १०० बायांमध्ये इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या ३३ निघाल्या, पुरुषांमध्ये ५७. मधल्या काळात फोन वाढले, तरी पुष्कळ घरांत आजही फोन नवऱ्याचा, रिचार्ज नवऱ्याचं, आणि आईच्या वाट्याला तो भाकरी झाल्यावर दहा मिनिटं येतो. २०२० मध्ये टाळेबंदी झाली, शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून फोन मुलांच्या हातात आला. तो आपण दिला नाही, शाळेनं मागितला. आणि आता मुलांचं काही बिघडलं की बोट कुणाकडे? आईकडे. 'आई कुठे लक्ष देते?' हा प्रश्न बापाला कुणी विचारत नाही. ही जबाबदारी एकट्या आईची नाही. बापाची आहे, शाळेची आहे, सरकारची आहे आणि मुलांच्या डोळ्यांवर पैसे कमावणाऱ्या कंपन्यांचीही आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक केली, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी मुदत दिली गेली. कंपन्यांना मुदत मिळते, आईला मात्र एका दिवसाचीही मिळत नाही.

तरी आपल्या हातात पुष्कळ आहे. त्यासाठी फोनमधली सगळी बटणं कळायला हवीत असं मुळीच नाही. मुलीला सांगा, 'मला हे दाखव, तू मला शिकव.' लेकीनं आईला शिकवणं यात कमीपणा नाही. ती शिकवायला बसली की तिच्या फोनवरच्या जगाची ओळख आपोआप होते, आणि पाळत ठेवून जे कळलं नसतं ते गप्पांत कळतं.

घरासाठी मी चार-पाच गोष्टी सांगते. लहान मुलं, पाचवी-सहावीपर्यंतची, यांनी फोन बघायचा तो चार माणसांत, ओसरीवर किंवा स्वयंपाकघरात. पांघरुणाखाली नाही. त्यांना शरीराच्या अवयवांची नावं नीट सांगा. ज्या मुलीला शब्दच माहीत नाहीत ती तक्रार कशी करणार? कुणी 'हे आपलं गुपित, आईला सांगू नकोस' म्हणालं, तर तेच आईला आधी सांगायचं, हे त्यांच्या मनावर ठसवा.

जरा मोठ्या मुलांना पासवर्ड, ओटीपी, शाळेचं नाव, घरचा पत्ता, आत्ता मी कुठे आहे हे का सांगायचं नाही, याचं कारण समजावून सांगा. खातं खासगी कसं ठेवायचं, अनोळखी माणसाचे मेसेज कसे बंद करायचे, हे त्यांच्याबरोबर बसून करा, पाठीमागून नको. रात्री झोपताना सगळ्यांचे फोन एका जागी ठेवायचे. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही.

तिसरी गोष्ट भेदभावाची. मुलीचा फोन तपासायचा आणि मुलाला नवा घेऊन द्यायचा, हे चालणार नाही. आणि भावाला बहिणीचा पहारेकरी नेमू नका. आज तो तिचा फोन तपासतो, उद्या बायकोचा तपासेल. मुलीला त्यातून सुरक्षितता मिळत नाही. आपल्यावर घरातही विश्वास नाही एवढंच तिला कळतं. मग ती दुसरं खातं काढते, मैत्रिणीच्या फोनवरून. त्या खात्यावर काही घडलं तर ती कुणालाच सांगू शकत नाही.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागण्याची. गणवेशातल्या मुलीचा फोटो, नावासकट, शाळेच्या फलकासकट आपण स्टेटसला ठेवतो. बाळाचे आंघोळीचे फोटो टाकतो. तिला विचारतो का? आणि आलेला प्रत्येक निरोप पुढे ढकलतो. १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती आणि ती पुढे पाठवणारे होते तुमच्या-माझ्यासारखे मोठे लोक, 'मुलांच्या काळजीपोटी'. 'हे खरं कशावरून?' हा प्रश्न मुलांनी विचारावा असं वाटत असेल तर आधी तो आपण विचारायला हवा.

गावंही उपाय शोधू लागली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावच्या ग्रामसभेनं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्ही ठरावांमागची कळकळ मला समजते. पण त्यांत फरक आहे. पहिल्यात भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, थोरामोठ्यांसाठीही. दुसऱ्यात बंदी फक्त मुलांवर. आणि मुलांवरची बंदी अमलात येते तेव्हा ती आधी कुणावर येते हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलगा मित्राच्या फोनवर बघेल, मुलगी घरात बसेल. ऑस्ट्रेलियानंही १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. पण तिथे कायद्यानं जबाबदारी कंपन्यांवर टाकली, दंड कंपन्यांना ठेवला, मुलांना आणि आईबापांना नाही. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद होऊ द्या. पण दोषी कुणाला धरायचं हे त्या कायद्यात स्पष्ट आहे, आणि आपल्या घरांतही ते तितकंच स्पष्ट हवं.

आता पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. मुलांना एक शब्द द्या. मोठ्यानं, नीट, घरातल्या सगळ्यांसमोर. 'फोनवर काहीही झालं, तुझ्या हातून काहीही झालं असलं, तरी मला येऊन सांग. मी तुला मारणार नाही, तुझी शाळा बंद करणार नाही, सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही.' आणि हा शब्द पाळा. मात्र 'मी कुणालाच सांगणार नाही' असा शब्द देऊ नका, कारण तो पाळता येत नाही. त्याऐवजी म्हणा, 'पुढे जे करायचं ते तुला सांगून करू, तुझ्या मागे काही करणार नाही.' ज्या घरात हा शब्द दिलेला असतो आणि पाळलेला असतो, तिथे 'बाबांना पाठवतो' या धमकीला मुलगी म्हणू शकते, 'पाठव, बाबांना मी कालच सांगितलंय.' एवढ्यावर त्याचा निम्मा जोर संपतो.

समजा, मुलीनं येऊन सांगितलं. पहिल्या रात्री काय करायचं? आधी तिला जवळ घ्या, जेवायला घाला, रात्री एकटं झोपू देऊ नका. घाबरलेली मुलं स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करू शकतात, म्हणून हे सगळ्यांत आधी. पैसे पाठवू नका. त्या माणसाशी भांडत बसू नका, त्याला शोधायला भाऊबंद पाठवू नका. घाबरून सगळं पुसूनही टाकू नका. धमकीचे मेसेज, त्याचं नाव, आयडी, नंबर, तारीख, पैसे मागितले असतील तर खात्याचा तपशील, हे जपून ठेवा आणि मग त्याला बंद करा. मुलीचा फोटो मात्र 'हे बघा काय झालं' म्हणून मामाला, काकाला, सरांना पाठवू नका. फोन आहे तसा पोलिसांपुढे न्या.

नंबर लिहून घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. मूल स्वतःही फोन करू शकतं. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कराल तितकी ते अडवण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांबद्दल नाव न देताही करता येते. आणि 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सोय आहे. अमेरिकेतली, हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी एक संस्था ती चालवते. १८ वर्षांखाली असताना काढलेला तसा फोटो असेल तर त्याचा आकड्यांचा एक ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच तिकडे जातो. फोटो जात नाही. सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो आपल्या जागेवरून हटवतात. इन्स्टाग्राम आणि फेसबुक त्यात आहेत.

पोलीस ठाण्याची भीती वाटते, ती साहजिक आहे. म्हणून कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, तिनं गणवेशात असायचं नाही, आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस शेजारी हवं. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून घ्यायचं नाही. त्याची ओळख कुठेही उघड करायची नाही. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. आणि त्या नववीतल्या मुलीसारखं बनावट चित्र असलं तरी? पोक्सोच्या कलम ११ मध्ये 'खरं किंवा बनावट' चित्रण माध्यमात वापरण्याची धमकी, असंच म्हटलेलं आहे. म्हणजे चेहरा तिचा आणि अंग दुसऱ्याचं असलं तरी तो गुन्हाच.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकांना, मुख्याध्यापकांना, आम्हा कार्यकर्त्यांनाही. न कळवणं हा गुन्हा आहे. आणि १८ वर्षांखालचं प्रत्येक जण कायद्याच्या दृष्टीनं मूल आहे, मग सतरा वर्षांच्या दोघांनी आपखुशीनं एकमेकांना फोटो पाठवलेले का असेनात. यातून मुलामुलींच्या साध्या प्रेमाचीही कधीकधी फरफट होते, हे आम्ही बघतो. म्हणून मुलांशी बोलताना कायदा काय आहे ते आधीच खरं खरं सांगावं. त्यांच्या वयात आकर्षण असणं हा गुन्हा नाही, हेही त्याच दमात सांगावं.

आता शाळेकडे वळते. शिक्षकांनो, तुमच्यावर कामं किती लादली आहेत ते मला ठाऊक आहे. तरी काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. शाळेतल्या मुलींच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री समिती' नेमायचा आदेश राज्य सरकारनं २०२२ मध्ये काढला. तुमच्या शाळेत ती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, सदस्यांची नावं फलकावर आहेत का, हे पालकांनी विचारावं. शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी खासगी मेसेजवर बोलू नये. जे सांगायचं ते वर्गाच्या ग्रुपवर, आणि त्यात दोन शिक्षक असावेत. सरळ मार्गानं चालणाऱ्या शिक्षकालाही या नियमानं संरक्षणच मिळतं.

एखाद्या मुलीचा फोटो वर्गात फिरला, तर तिला सगळ्यांदेखत ऑफिसात बोलावू नका. 'तू पाठवलासच का?' हा पहिला प्रश्न नको. 'फिरवला कुणी?' हा पहिला प्रश्न हवा. आणि शाळेच्या नावासाठी प्रकरण दाबू नका. दाबल्यानं शाळेचं नाव राहत नाही, फक्त मुलीची शाळा सुटते.

मुलग्यांशी कोण बोलणार? मे २०२० मध्ये दिल्लीत शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरचा एक ग्रुप उघडकीला आला. बरोबरच्या मुलींचे फोटो टाकून त्यांच्या शरीराबद्दल घाणेरडं बोलणं चालायचं. चांगल्या घरची म्हणवणारी मुलं होती ती. फोनमधून शिकली का? फोनमधून शिकली, तशीच घरातून, कट्ट्यावरून, सिनेमातूनही शिकली. आलेला फोटो पुढे पाठवणं ही गंमत नाही, तो गुन्हा आहे. अशी चित्रं नुसती जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ रोजी दिला. त्याच निकालात, 'मुलांचं पोर्न' हा शब्दच नको, ते मुलांच्या शोषणाचं साहित्य आहे, असंही म्हटलं. शब्द बदलला की दोष कुणाचा ते स्पष्ट होतं, हे आपली चळवळ कधीपासून सांगते आहे.

स्पेनमध्ये आल्मेंद्रालेहो नावाचं एक छोटं गाव आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या वीसहून अधिक मुलींचे बनावट नग्न फोटो शाळेतल्याच मुलांनी अ‍ॅप वापरून तयार केले. त्यातल्या एका मुलीची आई, मिरियम अल अदीब, पेशानं स्त्रीरोगतज्ज्ञ. तिनं सगळ्यांसमोर येऊन मुलींना सांगितलं, की तुमचा यात काही दोष नाही, घाबरू नका, आईला सांगा. मग कळलं, की प्रत्येक घराला वाटत होतं आपल्याच मुलीबाबत हे झालंय. आया एकत्र आल्या. पुढच्या वर्षी न्यायालयानं पंधरा अल्पवयीन मुलांना वर्षभर देखरेखीखाली ठेवलं आणि समानतेचे व तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराचे वर्ग करायला लावलं. तुरुंग नाही, शिक्षण. आपल्याकडेही १८ वर्षांखालच्या मुलांचा निवाडा बाल न्याय मंडळापुढे होतो आणि तिथे उद्देश सुधारण्याचा असतो. तेव्हा 'आमच्या मुलाचं आयुष्य बरबाद होईल' म्हणून मुलीच्या आईनं तक्रार मागे घ्यावी, हा दबाव आपण मान्य करायचं कारण नाही.

त्या गावातल्या बायांनी केलं तसं आपल्याला करता येईल. बचत गटाची बैठक महिन्याला होतेच. हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं या विषयाला द्या. एका घरात घडलं ते दुसऱ्या घराला सांगायला लाजू नका, मुलीचं नाव तेवढं सांगू नका. पुढच्या पालक सभेत तीन मागण्या लेखी द्या. सखी सावित्री समितीची नावं फलकावर लावा, १०९८ आणि १९३० हे नंबर प्रत्येक वर्गात लिहा, आणि शिक्षकांनी खासगी मेसेज न करण्याचा नियम करा. उत्तर लेखी घ्या, तारखेसह.

आणि आज घरी गेल्यावर, भाकरी थापता थापता का होईना, मुलामुलींना समोर बसवून तो शब्द द्या. बाबालोकांनो, तुम्हीही द्या. कारण धमकीत नाव तुमचं घेतलं जातं. तुमच्या मुलीला तुमची भीती वाटते, याच एका आधारावर कुणीतरी तिला गुलाम करू पाहतं. तो आधार काढून घेणं पोलिसांना जमणार नाही, शाळेला जमणार नाही. ते तुम्हालाच जमेल, आणि आजच जमेल.

आता तुमचे प्रश्न विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांनी चिठ्ठी लिहून बाईंकडे द्यावी. मी शेवटची एस.टी. सुटेपर्यंत इथेच आहे.